सिस्टर परदेशी निघतात, तेव्हा त्या नेमकं काय निवडतात?

शेवटच्या वर्षाच्या वर्गात पूर्वी एकच प्रश्न असायचा: सरकारी भरती कधी निघणार? आता तास संपला की चार-पाच मुली आणि एखादा ब्रदर मागे रेंगाळतात, आणि बाकीचे गेल्यावर हळूच विचारतात, "मॅडम, जर्मनीचं कसं करायचं?" हळूच, कारण घरी अजून सांगितलेलं नसतं. मी मिरज-सांगलीकडे नर्सिंग शिकवते. त्याआधी बारा वर्षं वॉर्डात ड्युटी केली. म्हणून हा प्रश्न मला "पैशासाठी देश सोडून चालल्या" एवढ्यावर सोडून देता येत नाही. त्या पोरी काय सोडतात आणि काय घेतात, हे जरा नीट उलगडून पाहू.

सुरुवात इथूनच करायला हवी, म्हणजे आपल्या वॉर्डापासून. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंगच्या पदवीला चार. फी, हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म धरून घरचे लाखांत उतरलेले असतात. मग तालुक्याच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलमध्ये नोकरी लागते आणि पहिला पगार हातात पडतो तेव्हा बाप विचारतो, "हा महिन्याचा की पंधरवड्याचा?" सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये खासगी नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं होतं. त्या समितीने म्हटलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या हॉस्पिटलमध्येही पगार वीस हजारांच्या खाली नसावा, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने द्यावा. या शिफारशी आहेत. शिफारशीवर पोट भरत नाही, हे सांगायला मी कशाला हवी?

पण पगार ही अर्धीच गोष्ट. नाईटला दोन सिस्टर आणि चाळीस पेशंट, हे मी स्वतः केलंय. हँडओव्हर संपता संपत नाही म्हणून सकाळी आठची सुट्टी साडेनऊला होते, त्या दीड तासाची नोंद कुठेच नसते. एखादा पेशंट दगावला की नातेवाइकांच्या तावडीत पहिली सापडते ती सिस्टर. वीस वर्षं नोकरी केली तरी खासगीत ती "स्टाफ नर्स"च राहते, शिडीला पुढची पायरीच नसते. परदेशाची ओढ लागते ती इथे. समोरचा देश फार गोड आहे म्हणून नव्हे, तर तिथे कामाचे तास, रजा आणि पगाराची श्रेणी कागदावर छापलेली असते आणि तो कागद पाळला जातो, असं आधी गेलेली मैत्रीण फोनवर सांगते म्हणून.

तिकडे आपली गरज का पडते, तेही बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि तरी ५८ लाखांची कमतरता आहे. दर सात नर्सेसमागे एक जण जन्मली त्या देशात काम करत नाही. श्रीमंत देशांत म्हातारी माणसं वाढली, त्यांना सांभाळणारे हात कमी झाले आणि स्वतःच्या पोरांना हे कष्टाचं काम नको झालं. एवढं साधं आहे ते. कोणी आपल्यावर उपकार करत नाही, आणि आपणही त्यांच्यावर करत नाही.

तीन रस्ते, तीन वेगळे सौदे

"परदेश" म्हणून एक जागा नसते. आखात, इंग्लंड आणि जर्मनी हे तीन रस्ते सगळ्यांत जास्त तुडवले जातात, आणि तिन्हींचा सौदा वेगळा आहे. मुलींचा गोंधळ होतो तो इथेच. एकीचा अनुभव ऐकून दुसरी भलत्याच देशाची तयारी करते.

आखाताचा सौदा म्हणजे शिलकीचा. पगारावर आयकर नाही, बहुतेक करारांत राहायला जागा किंवा तिचा भत्ता, वर्षा-दोन वर्षांनी तिकीट, आणि नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी. भाषा नव्याने शिकावी लागत नाही. दोन वर्षांचा वॉर्डचा अनुभव, 'प्रोमेट्रिक' म्हणून ओळखली जाणारी संगणकावरची परीक्षा, आणि 'डेटाफ्लो'मार्फत कागदांची थेट कॉलेज-कौन्सिलकडून पडताळणी, एवढं झालं की वाट मोकळी. महिन्याला मिळालेल्यातलं बरंचसं घरी पाठवता येतं. गावाकडचं कर्ज फेडायचं असेल, भावाचं शिक्षण असेल, तर याच्याइतका जलद मार्ग नाही. पण तिथे मूळ धरता येत नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा, नोकरी गेली की बॅग. नवरा-पोरांना बोलवायचं तर पगार ठरावीक रकमेच्या वर हवा. पाच-सात वर्षांचा बेत करून जाणारीला आखात मानवतं, आयुष्य काढायला जाणारीला नाही.

इंग्लंडचा सौदा ओळखीच्या भाषेचा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची, त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची सीबीटी आणि तिथे गेल्यावर ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. आपल्या मुली अडकतात त्या लेखनात, कारण आयुष्यभर इंग्रजीत फक्त नर्सेस नोट्स लिहिलेल्या. पास झाल्यावर बँड फाइव्ह ही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची पगारश्रेणी, म्हणजे एप्रिल २०२५ च्या तक्त्यानुसार इंग्लंडात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून सुरुवात. तिथल्या कौन्सिलच्या पटावर परदेशात शिकलेल्या नर्सेसमध्ये सर्वाधिक आता भारतीय आहेत. मात्र हे दार गेल्या दोन वर्षांत बरंच लोटलं गेलंय. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने परदेशातली भरती कमी केली आणि जुलै २०२५ पासून सरकारने केअर वर्करसाठी बाहेरून नवी माणसं घेणं बंदच केलं. केअर वर्कर किंवा केअरर म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारा मदतनीस, नर्स नव्हे, हे लक्षात ठेवा. नर्सची पदवी असलेल्या कितीतरी मुली "आधी केअरर म्हणून जा, मग नर्स होशील" या बोलण्याला भुलून गेल्या आणि तिथेच अडकल्या.

अमेरिकेबद्दल एकच वाक्य पुरे: परीक्षा अवघड नाही, पण भारतीयांसाठी नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब आहे, तेव्हा लग्नाचं ठरवायच्या आधी तिकडे बघू नका.

जर्मनी, जरा सावकाश

जर्मनीचा सौदा स्थायिक होण्याचा आहे, आणि त्याची किंमत भाषेत मोजावी लागते. आपल्याकडे हल्ली त्याचीच चर्चा जास्त. एक कारण म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांचं उद्दिष्ट ठेवून. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट, आणि मुंबईशी तिचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं. पुण्यात तर जर्मन शिकायची जुनी परंपरा आहे, मॅक्स म्युल्लर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूटमुळे. पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे. करार झाला म्हणून कोणाची बी-टू परीक्षा सुटत नाही.

बी-टू म्हणजे काय? युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा. बी-वन झालं की बहुधा व्हिसा मिळतो. बी-टू झालं की नर्स म्हणून मान्यता मिळण्याजोगी भाषा आली असं बहुतेक ठिकाणी धरतात. नोकरी न करता रोज चार-पाच तास दिले तरी शून्यापासून बी-टूपर्यंत वर्ष जातं, ड्युटी करत शिकलं तर दीड-दोन. क्लासवाले "सहा महिन्यांत बी-टू" असे फलक लावतात. ते फलक वाचून मला नेहमी एसटी स्टँडवरच्या "तीन दिवसांत गोरेपणा"ची आठवण येते.

आता मान्यता. जर्मन शब्द आहे 'आनएर्केनुंग', आणि तिकडे गेलेल्या मुलींच्या तोंडी तो आपल्या 'ऑर्डर'सारखा असतो: "माझं आनएर्केनुंग आलं." तिथे सोळा राज्यं आहेत आणि नर्सिंगच्या मान्यतेचं कार्यालय प्रत्येक राज्याचं आपापलं. तुमचा अभ्यासक्रम, त्यातले तास, प्रॅक्टिकलच्या पोस्टिंगा, अनुभव हे सगळं ते त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. बहुतेक वेळा उत्तर येतं की अमुक-अमुक भाग कमी पडतो. मग दोन पर्याय: हॉस्पिटलमध्येच काही महिन्यांचं जुळवून घेण्याचं प्रशिक्षण, नाहीतर ज्ञानाची परीक्षा, तोंडी आणि प्रात्यक्षिक. ती पूर्ण होईपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून काम करता, मदतनिसाच्याच पगारावर. हा मधला काळ सगळ्यांत अवघड. आयसीयूत पाच वर्षं काढलेली मुलगी तिथे ट्रे उचलत असते.

मान्यता आली की 'फ्लेगेफाखफ्राऊ', म्हणजे पूर्ण नर्स. सरकारी वेतनकराराच्या हॉस्पिटलमध्ये साधारण ३,००० ते ३,५०० युरोंवर सुरुवात होते, वर्षाला तीस दिवस रजा, आठवड्याला ३९ तासांच्या आसपास काम. हिशेब सोपा जावा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरू. "महिन्याला सव्वातीन लाख!" असं कोणी म्हणालं तर ते खरं आहे, पण तो आकडा खिशात येत नाही. एकट्या माणसाच्या पगारातून कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेरोजगारी आणि वृद्धसेवेचा विमा असं सगळं मिळून साधारण तिसरा हिस्सा आधीच कापला जातो. हातात सव्वादोन लाखांहून थोडे कमीच. त्यातून भाडं आणि हीटिंग सहा-आठशे युरो, किराणा, बस-रेल्वेचा पास. शिवाय घरात टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क. हे पहिलं बिल आल्यावर प्रत्येक मुलीचा मला फोन येतो, "मॅडम, माझ्याकडे तर रेडिओपण नाही!" सगळं जाऊन काटकसरीने ऐंशी-नव्वद हजार रुपये शिल्लक पडली तर चांगलं म्हणायचं.

म्हणजे नुसत्या शिलकीत आखात आणि जर्मनी यांत डोळे दिपावेत असा फरक नाही. मग जर्मनी का? कारण कापलेले पैसे कुठेतरी जमा होत असतात. पाच वर्षं पेन्शनचे हप्ते भरले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क लागतो. भारत आणि जर्मनी यांच्यात २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्यामुळे परत आलात तरी ते पैसे वाऱ्यावर जात नाहीत. कुशल कामगाराला तीन वर्षांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. नवऱ्याला तिथे कोणतीही नोकरी करता येते. पोरांची शाळा फुकट. आखातात तुम्ही महिना विकता, जर्मनीत तुम्ही वर्षं गुंतवता. कुठलं चांगलं हे तुमचं वय किती आणि घरी कर्ज किती, यावर ठरतं.

पैशांचं सगळ्यांना कळतं. कामाचं मात्र जाण्याआधी कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं ही कामं कोण करतं? नातेवाईक, नाहीतर वॉर्डातल्या मावशी-मामा. सिस्टर सलाईन लावते, इंट्राकॅथ टाकते, इंजेक्शनं देते, डॉक्टरांच्या राउंडला उभी राहते. जर्मनीत नातेवाईक भेटीच्या वेळेत फुलं घेऊन येतात आणि जातात. आंघोळ, दात घासणं, कूस बदलणं, भरवणं हे सगळं नर्सचं मूळ काम मानलं जातं. उलट शिरेत सुई टाकणं हे बऱ्याच ठिकाणी डॉक्टरचं. माझी एक विद्यार्थिनी, जिला मिरजेत "व्हेन सापडत नाही, तिला बोलवा" म्हणून रात्री झोपेतून उठवायचे, ती तिथे पहिले सहा महिने आजींना आंघोळ घालत होती. फोनवर रडली. मावशीचं काम करायला आले का मी, म्हणाली.

मी तिची समजूत काढली नाही, कारण तिचं दुःख खोटं नव्हतं. हातातली कला बिनवापर पडते तेव्हा ती विसरतेही. पण त्याच फोनमध्ये तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिथे आंघोळ घालताना त्वचेवरचे लाल डाग बघायचे, श्वास मोजायचा, आजी कालच्यापेक्षा गप्प आहेत का ते टिपायचं आणि ते सगळं लिहायचं. त्या लिहिण्याला डॉक्टर किंमत देतात. आमच्या पुस्तकात पहिल्या वर्षी हेच शिकवतात, आम्हीच ते परीक्षेपुरतं ठेवतो. म्हणून माझं मत असं: ज्या मुलीला नर्सिंगमध्ये मशीन आणि इमर्जन्सी आवडते तिने जर्मनीच्या आधी शंभरदा विचार करावा. जिला माणूस आवडतो ती तिथे टिकते.

आणखी एक. बऱ्याच एजंटांच्या जाहिरातींत 'आउसबिल्डुंग' हा शब्द असतो. ते म्हणजे तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण, बारावी झालेल्यांसाठी उत्तम सोय. पण जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या मुलीला तेच विकलं जातं, कारण एजंटाला त्यात कागदपत्रांची कटकट कमी. तुम्ही झालेलं शिक्षण पुन्हा पहिलीपासून करताय, हे तुम्हाला तिकडे गेल्यावर उमगतं.

गोव्याची वाट आणि मल्याळी पायवाट

गोव्यातल्या मुलींची एक वेगळी गंमत आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, मग युरोपात कुठेही व्हिसाशिवाय राहता-कमावता येतं. इंग्लंडपुरती ही सोय नव्याने जाणाऱ्यांसाठी २०२१ पासून संपली. आणि पासपोर्ट युरोपचा झाला तरी नर्सिंगची पदवी गोव्याचीच राहते, त्यामुळे मान्यतेचा उंबरठा त्यांनाही ओलांडावाच लागतो. शिवाय भारतीय नागरिकत्व जातं, ते वेगळंच.

केरळच्या मुली या बाबतीत आपल्या दोन पिढ्या पुढे आहेत. १९६० च्या दशकातच तिथल्या मुली चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत नर्सिंगला गेल्या. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत ज्या मल्याळी सिस्टर आपण पाहत आलो, त्यांतल्या कितीजणींसाठी मुंबई हे अनुभवाचं स्टेशन होतं, शेवटचं नव्हे. त्यांच्याकडे आत्या, मावशी, चर्च, परदेशी जाणाऱ्यांसाठीची राज्य सरकारची 'नोर्का' ही संस्था असं सगळं जाळं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नोर्काने जर्मन सरकारी यंत्रणेशी 'ट्रिपल विन' नावाचा करार केला, त्यात भाषेचा आणि प्रवासाचा खर्च मालकाकडे असतो, मुलीकडे नाही. आपल्याकडे एवढं जाळं नाही, म्हणून आपली मुलगी एजंटाच्या दारात जाते.

एजंट, पैसे आणि सही

दारात जायला हरकत नाही, पण नियम ठाऊक हवेत. भारतीय कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी. तीन-चार लाख मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्या मर्यादेबाहेर आहे. २०१५ मध्ये कुवेतच्या भरतीत केरळच्या नर्सेसकडून साडेएकोणीस हजारांऐवजी साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण उघड झालं. त्याच वर्षी सरकारने नियम केला की आखातासह अठरा देशांत नर्सची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. जर्मनी-इंग्लंड त्या यादीत नाहीत, म्हणून तिथे डोळे अधिक उघडे ठेवावे लागतात.

करारात बाँड कुठे लपलाय ते बघा. "अमुक महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर भरतीचा खर्च परत करावा" असं कलम असतं. ते असणं वाईट नाही. रक्कम किती, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, हे बघायचं. कमी होत नसेल तर सही करू नका. आणि जर्मन करार जर्मनमध्ये असतो, तेव्हा बी-वन झालेल्या मैत्रिणीला चहा पाजून वाचून घ्या.

"मग आपल्या पेशंटांचं काय?" हे मला स्टाफरूममध्ये नेहमी ऐकवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीची आचारसंहिता केली ती याच काळजीपोटी: गरीब देशाचे वॉर्ड रिकामे करून श्रीमंतांनी भरू नयेत. काळजी रास्त आहे. पण हा प्रश्न इंजिनिअरला कोणी विचारत नाही. त्यागाची वर्गणी दरवेळी सिस्टरच्याच दारी मागायला येतात, आणि तिने वीस हजार मागितले की खिडकी बंद.

यंदाच्या बॅचच्या मुलींना मी भाषेच्या क्लासआधी एक गृहपाठ दिला: स्वतःचे सगळे कागद एका चादरीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आईचं नाव शेवटी. आधारवर वडिलांचं नाव मधे. कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. एकीच्या तर जन्मदाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं "मुलगी". आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, तिकडच्या कारकुनाला मात्र त्या चार वेगवेगळ्या बायका दिसतात. बावीसपैकी सतरा जणींच्या नावात कुठे ना कुठे फरक निघाला. सोमवारी अकरा जणी राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज भरत बसल्या होत्या, आणि जिच्या दाखल्यावर "मुलगी" लिहिलंय ती ग्रामपंचायतीत गेली होती.